रेणू पोलर की नॉनपोलर? आधी आकार काढा, मग उत्तर द्या

अकरावीत केमिकल बाँडिंग सुरू झालं की दोन आठवड्यांत हा प्रश्न येतोच, मॅडम हा रेणू पोलर आहे का नॉनपोलर ते कसं ओळखायचं? मी बरीच वर्षं हा धडा शिकवतेय आणि पोरांच्या वह्या बघून एक गोष्ट पक्की झालीये. चुकणाऱ्यांपैकी बहुतेकांना इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी नीट येत असते, त्यांचं चुकतं ते आकारात. कागदावर सपाट चित्र काढतात आणि त्या सपाट चित्रावरच उत्तर देऊन मोकळे होतात. म्हणून या लेखात मी आकारावर जास्त वेळ घालवणार आहे, बाकीचं भराभर.

आधी पोलर म्हणजे काय ते एकदा स्वच्छ करून घेऊ. रेणू एकूण न्यूट्रलच असतो, पोलर म्हणजे त्याच्यावर चार्ज आहे असं अजिबात नाही. त्यातल्या सगळ्या प्लस चार्जचा मध्यबिंदू आणि सगळ्या मायनस चार्जचा मध्यबिंदू एकाच जागी आले तर रेणू नॉनपोलर, आणि ते दोन एकमेकांपासून सरकलेले असले तर पोलर. किती सरकलेत त्याचं माप म्हणजे डायपोल मोमेंट, आणि त्याचं एकक डिबाय, हे पीटर डिबाय यांच्या नावावरून, ज्यांना १९३६ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. पाण्याचा डायपोल मोमेंट १.८५ डिबाय, कार्बन डायऑक्साइडचा शून्य. दोन्हीत तीन अणू, दोन्हीत ऑक्सिजन, दोन्हीतले बाँड चांगले पोलर, तरी एवढा फरक. हा फरक कुठून येतो ते ज्याला कळलं त्याला अख्खा विषय कळला असं मी मानते.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच. मिठाबद्दल हा प्रश्न विचारायचाच नाही. सोडियम क्लोराइडमध्ये सुटे रेणू नसतात, आयनांचा मोठा जाळीदार ढाचा असतो. हा सगळा खेळ सहसंयुज बाँडवाल्या, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जोडलेल्या अणूंच्या रेणूंचा, तेव्हा धातू आणि अधातू अशी जोडी दिसली तर आधी थांबून बघा की प्रश्न नक्की रेणूचाच आहे ना.

पायरी १ : बाँड पोलर आहे का

इथे इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी लागते, म्हणजे बाँडमधले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची अणूची ताकद. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये हिची पट्टी मांडली आणि तीच आपण आजही वापरतो. सगळा तक्ता पाठ करायची गरज नाही, एवढे आकडे लक्षात ठेवा की काम झालं: हायड्रोजन २.२०, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, क्लोरीन ३.१६, ऑक्सिजन ३.४४, फ्लोरीन ३.९८. जमलं तर गंधक २.५८ आणि फॉस्फरस २.१९ पण ठेवा, पुढे कामाला येतील.

दोन अणूंच्या आकड्यांची वजाबाकी करा. फरक शून्य असेल तर बाँड नॉनपोलर, आणि जितका फरक मोठा तितका बाँड जास्त पोलर. बऱ्याच पुस्तकांत ०.४ किंवा ०.५ अशी सीमारेषा दिलेली असते, ती सोयीसाठी आखलेली आहे, निसर्गात तिथे काही भिंत नाहीये. कार्बन-हायड्रोजनचा फरक ०.३५ येतो, तो आपण नॉनपोलर धरतो आणि त्याने काही बिघडत नाही.

रेणूत दोनच अणू असतील तर इथेच उत्तर मिळतं. हायड्रोजन क्लोराइड पोलर, नायट्रोजन वायू नॉनपोलर, संपलं. तिसरा अणू आला की मात्र इथे थांबायचं नाही. बाँड पोलर आहे का हा एक प्रश्न आणि रेणू पोलर आहे का हा दुसरा प्रश्न, हे दोन वेगळे ठेवायचे, वहीत दोन वेगळ्या ओळींवर लिहा हवं तर.

पायरी २ : लोन पेअर मोजा, अंदाजाने नाही

लोन पेअर म्हणजे बाँडमध्ये न गेलेली इलेक्ट्रॉनची जोडी, आणि ती मोजायला लुईस स्ट्रक्चर लागतं, म्हणजे कुठले इलेक्ट्रॉन कुठे आहेत ते दाखवणारं चित्र. ते काढायचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण इथली दोन मिनिटं वाचवली की पुढचं सगळं चुकतं. मी पोरांना एक छोटी वजाबाकी शिकवते. सगळ्या अणूंचे व्हॅलेन्स इलेक्ट्रॉन, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कक्षेतले, मिळवा, त्यातून प्रत्येक बाँडचे दोन काढा, मग बाहेरच्या अणूंचं अष्टक (प्रत्येकाभोवती आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायला लागतील तेवढे काढा, आणि जे उरतील ते मधल्या अणूवरचे लोन पेअर. बाहेर हायड्रोजन असेल तर त्याला अष्टक नाही, बाँडचे दोन मिळाले की तो तृप्त.

दोन उदाहरणं शेजारी शेजारी घेऊ. बोरॉन ट्रायफ्लोराइड: बोरॉनचे ३ आणि तीन फ्लोरीनचे २१, एकूण २४. तीन बाँडचे ६ गेले, राहिले १८, तीन फ्लोरीनना प्रत्येकी ६ म्हणजे १८ गेले, उरले शून्य. आता नायट्रोजन ट्रायफ्लोराइड: ५ आणि २१ मिळून २६. त्यातून ६ गेले, १८ गेले, उरले २, म्हणजे नायट्रोजनवर एक लोन पेअर. फॉर्म्युला दोघांचा सारखा दिसतो, एकाला तीन फ्लोरीन तसेच दुसऱ्याला तीन फ्लोरीन, पण फक्त दोन इलेक्ट्रॉन जास्त असल्यामुळे पहिला सपाट आणि नॉनपोलर झाला आणि दुसरा पिरॅमिडसारखा आणि पोलर. फॉर्म्युल्याकडे बघून उत्तर देऊ नका असं मी सारखं सांगते ते याच्यामुळे.

पायरी ३ : आकार, आणि इथे घाई नको

रेणूचा आकार सांगणाऱ्या व्हीएसईपीआर थिअरीचं म्हणणं एकदम साधं आहे, मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींपासून जमेल तितक्या लांब जातात, मग ती बाँडची जोडी असो की लोन पेअर. दोन असतील तर सरळ रेषा, १८० अंश. तीन असतील तर सपाट त्रिकोण, १२० अंश. चार असतील तर टेट्राहेड्रल, १०९.५ अंश. पाच असतील तर ट्रायगोनल बायपिरॅमिडल (तीन मधल्या पट्ट्यात, एक वर, एक खाली), सहा असतील तर ऑक्टाहेड्रल (चार मधे चौकोनात, एक वर, एक खाली). लोन पेअर जागा अडवते आणि जरा जास्तच ढकलते, म्हणून मिथेनमध्ये १०९.५ असलेला कोन अमोनियात साधारण १०७ होतो आणि पाण्यात १०४.५.

आता एक काम खरंच करून बघा, नुसतं वाचून पुढे जाऊ नका. कणकेचा एक गोळा घ्या, त्यात आगपेटीच्या चार काड्या अशा खोचा की प्रत्येक काडी बाकीच्या तिघींपासून सारखीच लांब राहील. पहिल्या झटक्यात बहुतेक जण चारी काड्या अधिकच्या चिन्हासारख्या सपाट खोचतात, आणि मग लक्षात येतं की अशाने समोरासमोरच्या काड्या लांब आहेत पण शेजारच्या जवळ आहेत. मग एक वर, तीन खाली तिवईच्या पायांसारख्या पसरून, असं जमतं. झालं, हाच टेट्राहेड्रल. हा गोळा हातात फिरवून बघा. कुठल्याही काडीच्या बरोब्बर समोर दुसरी काडी नाहीये. या आकारात समोरासमोर असं काही नसतंच, प्रत्येक जण प्रत्येकाचा शेजारी.

हे कळलं की डायक्लोरोमिथेन कधी चुकणार नाही. कागदावर मधे कार्बन, वर-खाली क्लोरीन आणि डावी-उजवीकडे हायड्रोजन असं चित्र काढलं की वाटतं दोन क्लोरीन एकमेकांना कॅन्सल करतायत, म्हणजे नॉनपोलर. तोच रेणू दोन क्लोरीन शेजारी काढून लिहिला की वाटतं पोलर. रेणू एकच, मग चित्र बदललं म्हणून उत्तर कसं बदलेल? खऱ्या रेणूत दोन्ही क्लोरीन एका बाजूला झुकलेलेच असतात, डायपोल मोमेंट १.६० डिबाय आहे, कायम पोलर. माझ्याकडे आलेल्या चुकीच्या उत्तरांत हे एक नंबरला आहे, म्हणून कणकेचा गोळा.

पायरी ४ : बाण काढा आणि खांब बघा

प्रत्येक पोलर बाँडवर एक बाण काढा, टोक जास्त इलेक्ट्रोनिगेटिव्ह अणूकडे. मग ते सगळे बाण मिळवा. व्हेक्टरची बेरीज म्हटलं की बायोलॉजी ग्रुपची पोरं घाबरतात, त्यांना मी मांडवाचा खांब आठवायला सांगते. खांबाला चारी बाजूंनी दोऱ्या बांधून ताणलेलं असतं, सगळ्या दोऱ्या सारख्याच ताणलेल्या आणि सारख्या अंतरावर असल्या तर खांब सरळ उभा. एक दोरी सुटली, किंवा एकच जास्त ताणली, की खांब झुकला. मधला अणू म्हणजे खांब, बाँड म्हणजे दोऱ्या. खांब सरळ राहिला तर नॉनपोलर, झुकला तर पोलर.

कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत आहे, दोन्हीकडे ऑक्सिजन सारखाच ओढतोय, खांब हलत नाही, शून्य. पाण्यात दोन्ही बाण ऑक्सिजनकडे तिरके येतात आणि त्यांची बेरीज होते. आकडेमोडही करून बघता येते: एका ऑक्सिजन-हायड्रोजन बाँडचा मोमेंट साधारण १.५१ डिबाय, दोन बाँड, आणि १०४.५ च्या निम्म्या कोनाचा कोसाइन ०.६१, तर २ गुणिले १.५१ गुणिले ०.६१, येतं साधारण १.८५. बरोबर मोजलेल्या किमतीइतकंच. पाणी जर सरळ रेषेत असतं तर हाच हिशोब शून्य आला असता, आणि मग त्यात साखर-मीठ विरघळणं, खोलीच्या तापमानाला ते द्रव असणं, यातलं काहीच आपल्या ओळखीचं राहिलं नसतं.

यातून एक शॉर्टकट निघतो, परीक्षेत उपयोगी आहे म्हणून सांगते. मधल्या अणूवर लोन पेअर नाही आणि भोवतालचे सगळे अणू एकच आहेत, तर रेणू नॉनपोलर. मिथेन, कार्बन टेट्राक्लोराइड, बोरॉन ट्रायफ्लोराइड, फॉस्फरस पेंटाक्लोराइड, सल्फर हेक्झाफ्लोराइड, सल्फर ट्रायऑक्साइड, सगळे याच नियमात बसतात. भोवतालचा एक जरी अणू वेगळा झाला तर बहुतेक वेळा पोलर. क्लोरोफॉर्ममध्ये तीन क्लोरीन आणि एक हायड्रोजन, १.०४ डिबाय.

पण याचं उलटं वाक्य पाठ करू नका, लोन पेअर आहे म्हणजे पोलरच असं नाही. झेनॉन टेट्राफ्लोराइड घ्या: ८ आणि २८ मिळून ३६, बाँडचे ८ गेले, फ्लोरीनचे २४ गेले, उरले ४, म्हणजे दोन लोन पेअर. त्या एक वर आणि एक खाली अशा बरोब्बर समोरासमोर बसतात, चार फ्लोरीन मधे चौकोनात, सगळं कॅन्सल, नॉनपोलर. त्याच्याच शेजारी सल्फर टेट्राफ्लोराइड ठेवा: ६ आणि २८ म्हणजे ३४, शेवटी उरले २, एकच लोन पेअर, तिच्या समोर तिला तोलायला कोणी नाही, पोलर. इथे पण चार फ्लोरीन, तिथे पण चार फ्लोरीन.

अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड

यावर जरा बसू या, कारण हा प्रश्न सीईटी-नीटवाल्यांचा आवडता आहे आणि उत्तर पाठ करणारे दोन महिन्यांत विसरतात. दोघांचा आकार सारखा, पिरॅमिड, वर एक लोन पेअर. नायट्रोजन-फ्लोरीनचा फरक ०.९४, नायट्रोजन-हायड्रोजनचा ०.८४, म्हणजे फ्लोरीनवाला बाँड थोडा जास्तच पोलर. मग डायपोल मोमेंट कोणाचा जास्त? मोजलं तर अमोनियाचा १.४७ डिबाय आणि फ्लोरीनवाल्याचा फक्त ०.२३.

बाण काढून बघा. अमोनियात नायट्रोजन जास्त ओढणारा, त्यामुळे तिन्ही बाण खालच्या हायड्रोजनपासून वर नायट्रोजनकडे जातात, आणि लोन पेअरचा ओढा पण वरच. दोघं एकाच दिशेला, बेरीज झाली. दुसऱ्यात फ्लोरीन जास्त ओढणारा, म्हणून तिन्ही बाण खाली, आणि लोन पेअर वर. एकमेकांच्या विरुद्ध, वजाबाकी झाली, हातात उरलं ०.२३. लोन पेअर म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हे, ती स्वतः एक दोरी आहे, आणि चांगली ताणलेली.

याचा अजून एक पुरावा फॉस्फीनमध्ये सापडतो. फॉस्फरस २.१९, हायड्रोजन २.२०, फरक ०.०१, म्हणजे बाँड जवळपास नॉनपोलर. तरी फॉस्फीनचा डायपोल मोमेंट ०.५८ डिबाय आहे, आणि तो मुख्यतः लोन पेअरमुळे. ओझोन तर त्याहून भारी, तिन्ही अणू ऑक्सिजनचेच, फरक काढायला जागाच नाही, पण रेणू वाकडा आहे, मधल्या ऑक्सिजनवर थोडा प्लस आणि टोकांच्या दोघांवर थोडा मायनस असतो, म्हणून ०.५३ डिबाय. एकाच मूलद्रव्याचा रेणू असला की डोळे झाकून नॉनपोलर लिहायची सवय लागलेली असते, तिथे ओझोन आठवा. कार्बन मोनॉक्साइडची तर वेगळीच गंमत, फरक ०.८९ एवढा असूनही मोमेंट फक्त ०.११, आणि मायनस टोक ऑक्सिजनकडे असायच्या ऐवजी कार्बनकडे. वजाबाकीचा नियम इथे सपशेल तोंडावर पडतो, हे उदाहरण वेगळंच लक्षात ठेवायचं.

मोठे रेणू आले की काय करायचं

मोठ्या रेणूला प्रत्येक बाँडचा बाण काढत बसायचं नाही. कार्बन-हायड्रोजनचा भाग आधी बाजूला काढा, तो नॉनपोलर. मग ऑक्सिजन, नायट्रोजन, हॅलोजन कुठे आहेत ते बघा आणि नॉनपोलर शेपटी किती लांब आहे ते बघा. मिथेनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल पाण्यात हवे तेवढे मिसळतात. एक-ब्युटेनॉलला चार कार्बनची शेपटी झाली की लीटरभर पाण्यात साधारण ७०-८० ग्रॅमच जातं, आणि आठ कार्बनच्या ऑक्टेनॉलला जेमतेम अर्धा ग्रॅम. ओएच गट सगळ्यांना एकेकच आहे, शेपटी वाढत गेली तसं पाण्याशी जमेनासं झालं. खायच्या तेलाचं पण हेच, त्यात ऑक्सिजन असलेले एस्टर गट आहेत, पण त्यांच्यापुढे लांबच लांब शेपट्यांचं वजन जास्त, म्हणून एकूण वागणं नॉनपोलर.

हे सगळं स्वयंपाकघरात दिसतं. हळदीतला करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात मात्र बरा विरघळतो, म्हणून फोडणीत हळद टाकली की तेल लगेच पिवळं होतं, तेच पाण्यात हळद ढवळून ठेवली की थोड्या वेळाने तळाशी बसते. मिसळीवरची लाल तर्री पण तीच गोष्ट, मिरचीतले लाल रंगाचे रेणू लांब कार्बन साखळ्यांचे, ते रश्श्यातल्या पाण्यात थांबत नाहीत, वरच्या तेलात जमतात. तिखट लागल्यावर पाणी पिऊन आग जात नाही ती पण याचसाठी, मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात धुऊन जात नाही, दूध किंवा दही घेतलं तर बरं वाटतं.

कंगवा केसांवर घासून नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार वाकते, हा प्रयोग पाणी पोलर असल्याचा पुरावा म्हणून सगळीकडे दाखवतात. प्रयोग छान आहे, जरूर करा, पण धार वाकते त्यात धारेच्या पाण्यावर विरुद्ध चार्ज जमा होण्याचा मोठा वाटा असतो, नुसते रेणू वळल्यामुळे एवढी ओढ येत नाही. त्यामुळे एखादा द्रव पोलर आहे का हे ठरवायला ही कसोटी धरू नका. मायक्रोवेव्हचं उदाहरण जास्त चांगलं आहे, त्यातलं विद्युत क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावे घेतं, पाण्याचे पोलर रेणू त्याच्याबरोबर वळायला बघतात, शेजाऱ्यांना धडकतात, आणि जेवण गरम होतं.

बॉइलिंग पॉइंटबद्दल एक सावधगिरी. सिलेंडरमधला ब्युटेन आणि नेलपॉलिश काढायचा अ‍ॅसिटोन, दोघांचं मोलर मास ५८, पण ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो आणि अ‍ॅसिटोन ५६ अंशाला. अ‍ॅसिटोन पोलर, त्याचे रेणू एकमेकांना जास्त धरून ठेवतात. इथपर्यंत ठीक. पण यावरून पोलर म्हणजे बॉइलिंग पॉइंट जास्तच असं लिहिलंत तर फसाल, कारण पोलर क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतो आणि नॉनपोलर कार्बन टेट्राक्लोराइड ७७ अंशाला. मोठ्या रेणूत इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून लंडन फोर्सेस (इलेक्ट्रॉनच्या हालचालीमुळे सगळ्याच रेणूंमध्ये येणारी ओढ) जास्त. तुलना करायची तर वजनाने जवळपास सारखे असलेले रेणू घ्या. सगळ्यात निखळ जोडी म्हणजे १,२-डायक्लोरोइथीनचे दोन प्रकार, अणू तेच, वजन तेच. सिसमध्ये दोन्ही क्लोरीन एका बाजूला, १.९० डिबाय, ६० अंशाला उकळतो. ट्रान्समध्ये विरुद्ध बाजूंना, शून्य डिबाय, ४८ अंशाला.

आता थोडे स्वतः सोडवा, खाली उत्तरं देतेय पण आधी कागदावर काढा: हायड्रोजन सायनाइड, सल्फर डायऑक्साइड, झेनॉन डायफ्लोराइड, फॉर्मलडिहाइड, पॅराडायक्लोरोबेन्झीन.

हायड्रोजन सायनाइड सरळ रेषेत आहे पण दोन टोकं वेगळी, म्हणून पोलर, आणि चांगलाच, साधारण ३ डिबाय. सरळ रेषा दिसली की नॉनपोलर लिहिणाऱ्यांसाठी हा मुद्दाम ठेवलाय. सल्फर डायऑक्साइडमध्ये गंधकावर लोन पेअर आहे, वाकडा, पोलर, १.६३. झेनॉन डायफ्लोराइडला तीन लोन पेअर आहेत पण त्या मधल्या पट्ट्यात १२० अंशांवर सारख्या पसरलेल्या, फ्लोरीन वर-खाली, सरळ रेषा, नॉनपोलर. फॉर्मलडिहाइड सपाट त्रिकोण आहे पण तीन बाजूंना सारखे अणू नाहीत, पोलर. पॅराडायक्लोरोबेन्झीन, जे कपाटात ठेवायच्या काही डांबर गोळ्यांत असतं, त्यात दोन क्लोरीन रिंगच्या बरोब्बर समोरासमोर, शून्य.

आणि पॅरा म्हटलं की शून्य हे पाठ करायच्या आधी क्लोरीनच्या जागी दोन्हीकडे ओएच लावून बघा, म्हणजे हायड्रोक्विनोन. क्लोरीन रिंगला सरळ जोडलेला, पण ऑक्सिजनपाशी कोन आहे, पाण्यातल्यासारखाच, आणि ओएचचा हायड्रोजन बाँडभोवती फिरत कधी या बाजूला असतो कधी त्या बाजूला. दोन्ही ओएच बरोबर विरुद्ध दिशांना वळलेले असतात तेव्हाच सगळं कॅन्सल होतं, एका बाजूला वळलेले असले की नाही, म्हणून सगळ्या रेणूंची मिळून मोजलेली किंमत शून्य येत नाही.